अप्पांना कॅमेऱ्याचा फोन हवाय

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय दत्तू,

पाकीट बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. मोबाईलवर लिहिलं की तू वाचतोस, निळ्या खुणा उमटतात आणि मग तुझ्याकडून जोडलेल्या हातांचं एक चित्र येतं. हात जोडायला मी काही देवी नाही, तुझी बहीण आहे. गेल्या दिवाळीपासून मी हे चालवून घेतलं, आता पुरे. कागद हातात आला की तू तो शेवटपर्यंत वाचशील याची मला खात्री आहे, कारण हातात धरलेलं काम अर्धवट टाकायची सवय आपल्या घरात कुणालाच नाही. या कागदाबरोबर गुलाबी कागदाची एक पुडी आहे. ती आत्ता उघडू नकोस. मी सांगेन तेव्हा उघड, आणि या बाबतीत तरी माझं ऐक.

आधी मला तुझा सल्ला हवाय. अप्पांना कॅमेऱ्याचा फोन घ्यायचाय. हो, आपल्याच अप्पांना. तू सेलमच्या कारखान्यात दिवसभर पडद्यावर पैंजणं मोठी करून माल तपासतोस, तेव्हा कुठला कॅमेरा चांदी जशी आहे तशी दाखवतो हे तुझ्याइतकं आमच्यात कुणाला कळणार? मी इतिहास शिकवणारी बाई. तुझ्या दाजीला, उन्मेषला विचारलं तर तो त्याच्या क्लासच्या मुलांना विचारतो, आणि ती मुलं महागातल्या महाग फोनचं नाव सांगून मोकळी होतात. पण नुसत्या फोनचा प्रश्न असता तर मी दोन ओळींत विचारला असता. तुम्ही दोघं चार वर्षं एकमेकांशी बोललेला नाहीत. आता बोलणं व्हायचं असेल तर ते या फोनच्या निमित्तानं होईल, नाहीतर राहूनच जाईल, असं मला वाटायला लागलंय. म्हणून सगळं नीट वाच.

तू गेल्यावर हुपरीच्या घरी काय झालं ते तुला माहीत नसेल. चांदीकामाच्या खोलीच्या दारात अप्पांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून ठेवला. आत शिरण्याआधी प्रत्येकानं आपला फोन त्यात टाकायचा. घुंगरं बसवायला येणारी अमीरबी असो, कोल्हापुरातून गुजरीच्या सराफ पेठेतले व्यापारी येवोत, नाहीतर मी येवो, सूट कुणालाच नाही. एकदा एका व्यापाऱ्याचा फोन त्या डब्यात वाजून वाजून गप्प झाला, पण अप्पांनी मान वर केली नाही की त्याला उठू दिलं नाही. ते स्वतः बटणांचा जुना फोन वापरतात, तोही खुंटीवरच्या पिशवीत. हे सगळं कशामुळे झालं ते तुला सांगायला नको. तू तेव्हा नवा फोन घेतला होतास. अप्पांनी बसवलेला पैंजणाचा तो वेलदोड्याचा नमुना त्यांच्याच तळहातावर ठेवून तू फोटो काढलास आणि ‘माझ्या अप्पांचं काम’ असं लिहून स्टेटसला टाकलास. आपला माल घराबाहेर पडायच्या आधी तेच पैंजण दुसऱ्याच कुणीतरी बनवून गुजरीत मांडलं. अप्पा म्हणाले, तू नमुना विकलास. गल्लीत उभे राहून म्हणाले.

तू विकला नव्हतास हे मला माहीत होतं, अमीरबीला माहीत होतं, आणि माझ्या मते आठवडाभरात अप्पांनाही कळून चुकलं होतं. पण कळलं तरी तोंडातून बाहेर पडायला हवं ना. तूही त्यांचाच मुलगा, पिशवी उचललीस ती थेट सेलमला जाऊन ठेवलीस. वेलदोड्याची नक्षी उठवायचे ठसे अप्पांनी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकले आणि तो नमुना पुन्हा कधी केला नाही. व्यापाऱ्यांनी मागितला तरी नाही. तुम्ही दोघं हट्टी, आणि मधल्या मध्ये सणासुदीला पुरणाच्या पोळ्या एकटीनं खाणारी मी. याचा राग मला आजही आहे, तो या पत्रात जागोजागी दिसेल. दिसू दे.

आता नवीन गोष्ट ऐक. मध्ये अप्पा जोतिबाला गेले होते. परतताना माझ्याकडे थांबले, कपाळावर गुलाल तसाच. मी चहा टाकला होता आणि फोन ओट्यावर होता. त्याच दिवशी तू लेकीचा, अवंतिकाचा फोटो स्टेटसला टाकला होतास, स्टुलाला धरून उभी असतानाचा. मी फोन सरळ त्यांच्यापुढे धरला. हाड्‌ म्हणतील असं वाटलं होतं. पण त्यांनी खिशातला चष्मा काढून लावला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पाय मोठा कर.” मी म्हटलं, अहो तोंड बघा की, डिट्टो आपल्या आईचं आहे. तर म्हणाले, “तोंड बघिटलं. पाय मोठा कर.” मी बोटांनी फोटो ताणला. स्टुलाच्या पायाशी ती एवढीशी पावलं आणि खाली तुमच्या घरची पांढरी फरशी. अप्पा म्हणाले, “पाय मोकळंच हायत की पोरीचं.” आणि थोड्या वेळानं, “ही फरशी फुटाची असंल न्हवं?” मला वाटलं, म्हाताऱ्याला काय सुचेल सांगता येत नाही. फुटाचीच असेल, असं मी म्हणाले आणि चहा गाळला. त्यांनी अर्धाच कप ओतायला सांगितला. हल्ली अर्धाच घेतात, पोटाला सोसत नाही म्हणतात.

त्यानंतरच्या रविवारी सकाळच्या एसटीनं येऊन हजर. म्हणाले, कॅमेऱ्याचा फोन घ्यायचा, चल. कशाला ते विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल घातली. आपल्या राजारामपुरीत फोनच्या दुकानांना तोटा नाही. पहिल्या दुकानात विकणाऱ्यानं हौसेनं त्यांचा स्वतःचाच फोटो काढून दाखवला. अप्पांनी तो हातभर लांब धरला, जवळ आणला आणि विचारलं, “ह्यो पावणा कोण? माझ्या कपाळाच्या आठ्या कुठं गेल्या?” फोन आपणहून चेहरा साफ करतो, असं त्यानं समजावलं. “मला न इचारता?” अप्पा म्हणाले. दुकानातले सगळे हसले, मीही हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी बंडीच्या खिशातून गुलाबी कागद काढला आणि त्यातून पैंजण बाहेर आलं. आईचं. त्यातल्या फासाजवळचा जोड अप्पांनी नवशिके असताना दिलेला, तिथं सांधायचा डाख जरा जास्त सांडलाय, त्याची फुगीर रेघ आईच्या पायात सुद्धा दिसायची. त्या फोननं फोटो काढला तर चांदी अशी लखलखली की रेघ कुठं दिसेचना. अप्पांनी फोन परत दिला. जोड लपवणारा फोन आपल्याला नको, म्हणाले.

दुसऱ्या दुकानात लखलखाट कमी होता, पण फोटो पुसट यायला लागले. एकात कड्या दोन-दोन दिसत होत्या, एकात नुसता चांदीचा धूर. “फोन बरा न्हाय,” अप्पा म्हणाले. मीही शाळेतला आवाज काढून दुकानदाराला सुनावलं, की वयस्कर माणसाला तुम्ही खराब माल दाखवता. तो बिचारा सॉरी सॉरी म्हणत राहिला. बाहेर पडल्यावर मी अप्पांना म्हटलं, बघा, कशी जिरवली. ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून चालत होते, आणि ते माझ्या डोळ्यांपुढे होतं तरी मला दिसलं नाही.

तिसऱ्या दुकानात तेजस्वी नावाची मुलगी होती. तिनं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि एक फोन अप्पांच्या हातात दिला. पुन्हा धूर. तिनं फोनचं एक रिकामं खोकं त्यांच्या कोपराखाली सरकवलं आणि म्हणाली, “अप्पा, हात टेका की जरा.” तरी फोटो हललेलाच. मग तिनं तोच फोन स्वतःच्या हातात घेऊन आईच्या पैंजणाचा फोटो काढला. दत्तू, एक-एक कडी दिसत होती. तो जोड, ती फुगीर रेघ, त्यावरचा काळपटपणा, सगळं जसंच्या तसं. तेजस्वीनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. तेव्हा मी अप्पांच्या हाताकडे पाहिलं. काउंटरच्या काचेवर ठेवलेला उजवा हात थरथरत होता आणि काचेवर बोटांचा बारीक आवाज येत होता. अर्धा कप चहा कशासाठी ते मला त्या दुकानात कळलं. आता रडून उपयोग नाही असं स्वतःला बजावलं आणि पदर खोचून त्यांना बाहेर आणलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, माझ्या घरामागच्या गल्लीतच आहेत. त्यांनी हात पुढे धरायला सांगितला, बोट नाकाला लावायला सांगितलं, खोलीत चालवून पाहिलं. हा कंप गोळ्यांनी थोडा आवरता येईल, जाणार मात्र नाही आणि पुढे वाढत जाईल, असं ते म्हणाले. अप्पांनी एकच विचारलं, “डाख देता येईल न्हवं?” डॉक्टरांना ते समजलं नाही. मी सांगितलं, आगीची बारीक फुंकणी धरून केसाएवढी फट चांदीनं भरायची असते, नजर आणि हात एका जागी ठरवून. डॉक्टर म्हणाले, आगीचं काम आता नको. अप्पांनी मान हलवली, टोपी घातली आणि डॉक्टरांना नमस्कार केला. जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. त्यांनी माझा आधार घ्यायची ती पहिलीच वेळ.

हुपरीच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो होतो. मी म्हटलं, अप्पा, फोनचं राहू दे आता. ते म्हणाले, “आता तर घ्यायचाच.” मग माझ्या फोनवर मी काढून देते म्हटलं, काय काढायचं ते सांगा. त्यावर म्हणाले, “दुसऱ्याच्या फोनातनं काढलेला फोटू दुसऱ्याचाच ऱ्हातोय. एकदा बघिटलंय न्हवं.” हे तुला लागेल हे माहीत असून लिहितेय, कारण पुढे त्यांनी काय केलं ते तुला कळायला हवं. आणि खरं सांगायचं तर माझ्या फोनचा कॅमेरा शाळेच्या पायऱ्यांवर आपटल्यापासून सगळं जग धुक्यात दाखवतो.

काल शनिवारी शाळा सुटल्यावर मी हुपरीला गेले. सवयीनं फोन टाकायला वाकले तर दारातला डबा जागेवर नव्हता. अमीरबी अंगणात घुंगरं निवडत बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, “तुला म्हणून सांगतो इरा, अप्पानं ठसं बाहेर काढल्यात. वेलदोड्याचं. रोज बसत्यात आन्‌ रोज मोडत्यात. मी बघितलं की कड्या झाकून ठेवत्यात.” अमीरबीनं आपल्याला लहानपणी खाकेत घेऊन फिरवलंय, ती उगीच डोळे पुसणारी बाई नाही, पण काल तिनं पुसले. मी फोन हातात धरूनच आत गेले, अप्पांनी अडवलं नाही.

पाटावर एवढंएवढंसं एक पैंजण होतं. वेलदोड्याचंच. तुझ्या घरची फरशी फुटाची धरून त्यांनी अवंतिकाच्या पायाचं माप काढलं होतं, वर दोन कड्या वाढत्या पायासाठी. एक जोडून पुरं झालेलं, त्याच्या शेजारी दुसऱ्याच्या कड्या नुसत्या ओळीत लावलेल्या, न जोडलेल्या. तेव्हा त्यांनी मला सांगितलं. दत्तूला फोटो धाडायचा होता, तो जोड बघून सांगेल म्हणून. मी म्हटलं, त्यालाच कशाला, मी बघते की. त्यावर अप्पा म्हणाले, “गिऱ्हाईक ग्वाड बोलतंय. अमीरबीला माझी कीव येती. तुला ह्यातलं काय कळत न्हाय. त्यो खरं सांगंल.” माझा अपमान मी गिळला, कारण बाकीचं ऐकून मला भरून आलं होतं. चार वर्षांपूर्वी ज्याला त्यांनी गल्लीत उभं राहून खोटा ठरवलं, त्याच्याबद्दल ते बोलत होते.

मग मला एक आठवलं, आणि ते तुला आठवत नसेल असं होऊच शकत नाही. आगीनं आणि कानशीनं अप्पांची बोटं इतकी निबर झालेली, की जोड गुळगुळीत झाला की नाही ते त्यांच्या बोटांना कळायचं नाही. म्हणून पुरं झालेलं प्रत्येक पैंजण ते तुझ्या गालावरून फिरवायचे. तू त्यांच्या मांडीवर बसून डोळे मिटायचास. लागतंय म्हणालास की पुन्हा कानस, पुन्हा गाल. तू न्हाय म्हणेपर्यंत माल घराबाहेर पडायचा नाही. मिसरूड फुटल्यावर तुला लाज वाटायला लागली, तरी दार लोटून गाल पुढे करायचासच. मी हेवा करायचे. माझा गाल त्यांनी कधी मागितला नाही, मी सारखी बडबडते म्हणून.

मी अप्पांना म्हटलं, अहो, फोटोत खरखर दिसते का कुठं? आपल्या घरात आजवर जोड कधी डोळ्यांनी तपासलाय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर गालावर पारखणारा माणूस, पण तुझ्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ताच माहीत नसल्यामुळे राजारामपुरीतली दुकानं पालथी घालत होता. हातातल्या पैंजणाकडे बघत ते हळूच म्हणाले, “व्हय की.” त्यांनी गुलाबी कागद घेतला. घडी जमेना तेव्हा मी हात पुढे केला, पण त्यांनी तो बाजूला सारला आणि वेडीवाकडी का होईना, पुडी स्वतःच बांधली. म्हणाले, “फोन ऱ्हाऊ दे. हे धाड.”

तेव्हा आता ती पुडी उघड, दत्तू. ज्या नमुन्याचा फोटो बाहेर गेला म्हणून त्यांनी मुलगा गमावला, तो नमुना त्यांनी आपल्या हातानं घराबाहेर दिलाय. त्यांच्याकडून माफीचा शब्द येईल म्हणून थांबला असशील तर थांबू नकोस, यापेक्षा जास्त काही त्यांना बोलता येत नाही. डोळे मिट आणि गालावरून फिरव. माझ्या गालाला काय लागलं ते मी लिहिणार नाही, त्यांनी ते तुला विचारलंय. निरोप त्यांच्याच शब्दांत देते. “लागत असंल तर दुसऱ्याचा जोड तूच यिऊन दे म्हणावं. लागत नसंल तर,” इथं ते थांबले. फुंकणी उचलून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “लागतच असंल.” एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. फोन घ्यावा की नाही याचं उत्तर आता तुझ्याकडे आहे. तू येणार असशील तर आम्हाला फोन नको. दुसऱ्या पैंजणाच्या कड्या पाटावर तशाच आहेत, अप्पा त्यांना कुणाला हात लावू देत नाहीत. अवंतिकाला आणि तिच्या आईला घेऊन ये. तुझा फोनही आण आणि खुशाल आत घेऊन जा. दारातल्या त्या डब्यात अमीरबीनं हरभऱ्याची डाळ भरून ठेवलीय.

तुझीच, चिडलेली आणि वाट बघणारी,
अक्का